पाण्याच्या वाटेत बसून

रविवार सोडून कुठलाही दिवस निवडा, आणि जमलं तर सकाळची वेळ. खडकवासल्याच्या चौपाटीवर तेव्हा गाड्यांची रांग लागलेली नसते. कणसं भाजणाऱ्या बायकांनी शेगड्या पेटवलेल्या नसतात. सिंहगडाकडे निघालेले सायकलवाले न थांबता डोणज्याच्या दिशेनं निघून जातात. काठावरचा एखादा कोरडा दगड बघा आणि त्यावर बसा. पाण्यात पाय सोडायचा मोह होईल, तो राहू द्या. आज पाण्याला हात लावायचा नाही, नुसतं त्याच्यासमोर बसायचं आहे.

डोळे मिटू नका. मननाला बसलं की डोळे मिटायचे, ही आपल्याला लागलेली सवय आहे. पण ज्याचं मनन करायचं तेच समोर एवढं पसरलेलं असताना ते बंद कशाला करायचे? श्वासावरही पहारा ठेवू नका, तो आपला आपण चालेल. मोबाइल खिशात राहू द्या. पाणी फोटोत फार शांत दिसतं, आणि आज आपल्याला त्या शांतपणाच्या आत जायचं आहे.

सुरुवात पृष्ठभागापासून करा. सगळं पाणी एकदम बघायला जाऊ नका, नजर निसटते. जेवढं अंगण असतं तेवढाच एक तुकडा धरा आणि त्याच्यावर थांबा. वारा आला की त्या तुकड्यावर बारीक काटा येतो, रंग गडद होतो, मग तो काटा सरकत पुढे जातो आणि मागे पुन्हा आरसा उरतो. काठाशी येणारी लाट इतकी लहान असते की तिचा आवाज ऐकायला इतर आवाज आधी एकेक करून बाजूला ठेवावे लागतात. आधी रस्त्यावरची एसटी. मग पलीकडच्या तीरावर एनडीएच्या बाजूनं कधी ऐकू येणारी शिट्टी. मग बगळ्याच्या पंखांचा फडफडाट. एवढं सगळं बाजूला झालं की दगडाला चाटून जाणारं पाणी ऐकू येतं. ते ऐकू येईपर्यंत पुढे जायची घाई करू नका.

आता एक प्रश्न मनात सोडा आणि उत्तराच्या मागे लागू नका. हे पाणी थांबलेलं आहे का?

दिसतं तर तसंच. तळं, जलाशय म्हटलं की आपण साठा म्हणतो, आणि साठा म्हणजे एका जागी असलेली वस्तू. पण खडकवासल्यात मावतं जेमतेम १.९७ टीएमसी. त्याच्या वरच्या अंगाला पानशेतमध्ये १०.६५, वरसगावात १२.८२ आणि टेमघरमध्ये ३.७१ टीएमसी. चारही धरणांची ही साखळी मिळून २९.१५. म्हणजे पुणेकर ज्याला आपलं धरण म्हणतात, जिथं येऊन भजी खातात, ते सगळ्या साठ्याचा जेमतेम पंधरावा हिस्सा भरतं. मोठ्या कोठ्या वर डोंगरात आहेत. इथलं पाणी वरून सोडलेलं आहे आणि खाली निघालेलं आहे. शहराची तहान एवढी वाढली आहे की वरून आवक थांबली तर हा जलाशय थोड्याच आठवड्यांत तळ दाखवेल. तुमच्यासमोर आहे ते पाणी मुक्कामाला आलेलं आहे, राहायला नाही.

टीएमसी हा शब्द पावसाळाभर आपण वर्तमानपत्रात वाचतो, आणि वाचून पुढे जातो. आज त्यावरही थोडं थांबा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे २,८०० कोटी लिटरच्या वर. हा आकडा मनात मावत नाही. मग दुसऱ्या टोकानं या. सांडव्यातून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला घनफूटभर, साधारण २८ लिटर, घरातल्या दोन बादल्या. मनातल्या मनात सेकंदाला दोन बादल्या ओतत राहा. असा विसर्ग साडेअकरा हजार क्युसेकच्या थोडा वर धरून चोवीस तास चालला, तर एक टीएमसी होतो. पावसाळ्यात ‘खडकवासल्यातून विसर्ग वाढवला’ अशी बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा या बादल्यांची आठवण ठेवा.

आता मनानं वरच्या अंगाला चला. शरीर दगडावरच राहू द्या.

जलाशयाच्या कडेकडेनं पश्चिमेला गेलं की सांगरुण लागतं. तिथं तीन पाणी एकत्र येतात. मोसे, आंबी आणि मुठा. मोसेवर वरसगाव, आंबीवर पानशेत आणि खुद्द मुठेवर टेमघर. यातल्या कुठल्याही खोऱ्यानं वर चढत जा, डोंगर जवळ येत जातात, भातखाचरं लहान होत जातात आणि पाऊस दाट होत जातो. जुलैमध्ये पुण्यात नुसती भुरभुर असते, खडकवासल्याला ऊन पडलेलं असतं, आणि त्याच वेळी टेमघरच्या माथ्यावर सरीवर सरी कोसळत असतात. समोरच्याचा चेहरा दिसत नाही असा पाऊस. घराच्या पडवीला गवताची किंवा प्लॅस्टिकची झड बांधलेली, जनावरं गोठ्यात, चुलीचा धूर कौलांतून बाहेर पडायला बघतो आणि पावसाच्या माऱ्यानं परत आत दबतो. आपला नळ तिथून सुरू होतो. त्या पडवीपासून.

तिथं थोडा वेळ थांबा. पाऊस पडू द्या. कातळावरून पाणी उतरतं, खाचराच्या बांधावरून पुढच्या खाचरात, तिथून ओढ्याला. त्यात माती आहे, शेणाचा वास आहे, सागाची पानं आहेत. अजून त्याला कुणी टीएमसी म्हणत नाही.

आणि आता जिथं जायला मन तयार होत नाही तिथं त्याला न्या. पाण्याच्या खाली.

पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात, वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव आहे. नावं योग्यच आहेत. बाजी पासलकर याच मोसे खोऱ्याचे देशमुख, शिवकाळाच्या आरंभी लढता लढता पडलेले. पण त्या नावाच्या पाण्याखाली ज्यांची शेतं, खळी, वाटा आणि देवळं गेली, त्या माणसांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत. खोऱ्यातला जो सपाट, काळा, पाणथळ तुकडा नदीकाठी असतो तोच सगळ्यात चांगला पिकतो, आणि धरणात सगळ्यात आधी तोच जातो. माणसं उठली. कुणी वर डोंगराच्या कडेला सरकलं, कुणाला दौंडकडच्या कोरड्या मुलखात जमीन मिळाली. भाताच्या माणसांना ज्वारीच्या मुलखात पाठवलं. कागदावर एकराला एकर असं गणित जमतं. चिखलात उभं राहून आवण लावणाऱ्या बाईला त्या नव्या रानात काय वाटलं असेल, याचा रकाना त्या कागदावर नसतो.

शेजारच्या खोऱ्यात, मुळशीला, हीच गोष्ट त्याआधी घडून गेली होती. १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यात पुढे होते आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना तिथंच मिळाली. लढा हरला, धरण झालं. तिथल्या पाण्यावर वीज तयार होऊन मुंबईकडे गेली. मी हे तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. अपराधीपणा फार लवकर विरतो आणि मागे काही ठेवत नाही. एवढंच करा, पाण्याखालच्या गावाकडे नजर गेली की ती लगेच काढून घेऊ नका. मे महिन्यात अशा जलाशयांचं पाणी तळाला जातं तेव्हा काठावर एकाखाली एक रेघा दिसतात, पाणी एकेका मुक्कामानं खाली उतरत गेल्याच्या. त्या रेघांच्याही खाली कधी एखादं जोतं दिसतं, कधी बांधाची दगडी ओळ. बांध अजून सरळ असतो. कुणाच्या तरी आज्यानं तो दोरी लावून घातलेला असतो.

श्वास सोडा. परत खडकवासल्याला या.

आता मान वळवून भिंत बघा. दीड किलोमीटरच्या आसपास लांबी, नदीच्या तळापासून तीस मीटरच्या वर उंची. १८६९ मध्ये हे काम सुरू झालं आणि १८७९ मध्ये पुरं झालं. रॉयल इंजिनिअर्समधल्या फाइफ या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ते झालं, म्हणून जुन्या कागदांत या पाण्याचं नाव ‘लेक फाइफ’ असं येतं. दगडी बांधकामाची एवढी मोठी धरणं तेव्हा देशात विरळाच होती. पुण्याच्या पेठांना तोवर कात्रजच्या तलावावरून नानासाहेब पेशव्यांच्या काळात आणलेल्या नळाचं आणि हौदांचं पाणी होतं, वाड्यावाड्यांत विहिरी होत्या. खडकवासल्याचं पाणी आलं ते लष्कराच्या छावणीसाठी, शहरासाठी आणि पूर्वेच्या शेतीसाठी. या तिघांमधली ओढाताण तेव्हापासूनची आहे.

दगड कुणी फोडले? चुना कुणी मळला? भिंत चढत होती त्याच दशकात, १८७६-७७ साली, दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. माणसं पोट हातात घेऊन कामाच्या शोधात फिरत होती. घाणीला जुंपलेले बैल, चुन्यानं फुटलेले हात, पाठीला बांधलेलं पोर, हे सगळं कुठल्याही बांधकामावर असतंच आणि इथंही असणार. फाइफचं नाव राहिलं. बाकीच्यांचं काम राहिलं.

याच धरणावर १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले गेले. ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी रचले होते. ते पुण्याच्याच कॉलेजात स्थापत्य शिकले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. सांडव्यावर हे दरवाजे उभे राहिल्यानं मूळ भिंतीला धक्का न लावता साठ्याची पातळी वाढली. पाणी ठरलेल्या उंचीला चढलं की दरवाजे आपले आपण उघडत, उतरलं की मिटत. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर हीच पद्धत गेली. मला यात इंजिनिअरिंगइतकाच एक स्वभाव दिसतो. पाण्याशी ताकदीनं झगडण्याऐवजी त्याच्याच वजनाला काम सांगायचं. थोडा वेळ त्या दरवाजांचा विचार करा. किती भरल्यावर सोडायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

भिंत तुमच्या पाठीशी आहे, मुकी आणि भक्कम. आता तिचं दुसरं रूप आठवायचं आहे. ज्यांच्या घरात हे दुःख आहे त्यांनी हा भाग मनात जेवढा सोसवेल तेवढाच घ्यावा.

१२ जुलै १९६१. वर पानशेतचं मातीचं धरण नवं होतं. काम पुरं व्हायचं होतं आणि पावसाळ्याचं पाणी त्यात पहिल्यांदाच एवढं चढलं होतं. पाणी सोडण्याच्या मोरीपाशी बांध खचायला लागला. आदल्या रात्री जवानांनी पावसात, अंधारात, वाळूची पोती खांद्यावरून वाहून त्या खचलेल्या बांधावर रचली. धरण वाचलं नाही. पण त्या पोत्यांनी काही तास मिळवून दिले, आणि शहरावर पाणी आलं ते दिवसा, माणसं जागी असताना. पानशेत फुटल्यावर तो लोंढा खडकवासल्यात उतरला. ऐंशी वर्षं उभी असलेली दगडी भिंत काही वेळ टिकली आणि मग तीही फुटली.

मुठा पेठांत शिरली. लकडी पूल पाण्याखाली गेला. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कनच्या बाजूची वस्ती, कुठं पहिला मजला बुडाला तर कुठं वाड्याची भिंत बसली. मरण पावलेल्यांची संख्या हजाराच्या आसपास सांगितली जाते. पाणी ओसरलं तेव्हा मागे चिखल होता. ज्या शहराला पाण्यानं बुडवलं त्याच शहराचे नळ आता कोरडे पडले होते, कारण धरणच उरलं नव्हतं. जुन्या विहिरी आणि पेशव्यांच्या काळातले हौद पुन्हा उपसले गेले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. आज तिथल्या इमारतींकडे बघून त्या कशातून उगवल्या हे नव्या माणसाला कळत नाही. जुन्या पुण्यात मात्र कुणी म्हातारं माणूस अजूनही ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असं आयुष्य मोजतं, आणि कोणता पूर, असं त्याला कुणी विचारत नाही.

इथं बसून हे आठवताना समोरच्या पाण्याचा राग येतो का बघा. मला येत नाही. राग येतो तो घाईचा. धरण भरायची घाई, दाखवायची घाई. मातीला बसायला, दबायला, घट्ट व्हायला जो वेळ लागतो तो तिला मिळायला हवा होता. खांद्यावर पोतं घेतलेल्या त्या जवानांकडे मन पुन्हा वळलं तर वळू द्या. फुटणार हे दिसत असताना पहाटेपर्यंत ते पोती रचत राहिले.

पाणी अजून तसंच आहे. वारा आला, गेला.

एव्हाना चौपाटीवर माणसं यायला लागली असतील. एक कुटुंब असेल. आजी गाडीतून हळूहळू उतरते, नातू पाण्याकडे धावत सुटतो, त्याची आई ओरडते. तिला ओरडू द्या, तिचं बरोबर आहे. या काठाचा तळ सरळ उतरत नाही. दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला एकदम खोल. खाली गाळ आहे, तो पाय धरतो. दरवर्षी या साखळीत कुणाचं तरी तरणंताठं पोर जातं, आणि बहुतेक वेळा त्याला वाचवायला उडी मारणाराही जातो. पाटी सगळीकडे लावलेली असते. मनन म्हणून सांगायचं तर एवढंच, जे पाणी इतकं शांत दिसतं त्याच्याबद्दल आदर ठेवायचा तो त्याच्या खोलीमुळे.

आणि तरीही माणसांनी इथं यावं असं मला मनापासून वाटतं. चौपाटीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. गर्दी, भजी, वाहतुकीचा खोळंबा, कचरा. कचऱ्याबद्दल त्यांचं म्हणणं खरं आहे. काठाशी वाकून बघा. कणसाची बुरकुंडं, वेफर्सच्या पिशव्या, दोऱ्यासकट टाकलेला निर्माल्याचा पुडा, एक लहान चप्पल. हे पिण्याचं पाणी आहे, हे टाकणाऱ्याला माहीत नसतं असं नाही. त्याला ते आठवत नाही, कारण त्याच्या मनात पिण्याचं पाणी म्हणजे फिल्टरचं पाणी. पण शहरातल्या पोराला आपलं पाणी उघड्या आभाळाखाली कधी दिसणार? त्याला ते तोटीतूनच भेटतं. इथं ते क्षितिजापर्यंत दिसतं. भाजलेल्या कणसाला लिंबू-मीठ चोळता चोळता कुणी आजोबा नातवाला म्हणतात, ‘हे बघ, आपल्या घरी येतं ना, ते हे पाणी.’ पोर एकदा पाण्याकडे बघतं, एकदा आजोबांकडे. त्या एका वाक्यासाठी वाहतुकीचा खोळंबा सोसायला हरकत नाही. कचरा मात्र नाही सोसायचा. उठाल तेव्हा पिशवीभर घेऊन जा.

गाळही बघून ठेवा. दीडशे वर्षांत डोंगरानं पाण्याबरोबर माती पाठवली आणि ती इथं बसली. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या पुढाकारानं नागरिकांनी यातला बराच गाळ काढला, शेतकऱ्यांनी तो रानात नेला. काढलेल्या प्रत्येक ट्रकच्या जागी तेवढं पाणी आलं. यापेक्षा सरळ हिशेब मी पाहिलेला नाही.

आता पाण्याबरोबर खाली जायचं.

धरणाच्या उजव्या अंगानं कालवा निघतो. मुठा उजवा कालवा. त्याच्या जोडीला आता शहराकडे बंद नळ गेले आहेत. तुमचं पाणी बहुधा त्यांतून पर्वतीला जातं, तिथं गाळलं जातं, औषध मिसळलं जातं, टाक्यांत चढतं आणि पहाटे कधीतरी तुमच्या गल्लीत उतरतं. नळ उघडा ठेवलेला असेल तर आधी नुसती हवा येते. फुसफुसते, खोकते, दोन लालसर थेंब, मग धार. तो खोकला उद्या पहाटे नीट ऐका. टेमघरच्या पडवीपासून निघालेलं पाणी तिथवर पोचलं आहे.

पण कालवा पुण्यात थांबत नाही. तो सिंहगड रस्त्याच्या अंगानं, पर्वतीच्या पायथ्यानं, झोपडपट्ट्यांना खेटून हडपसरकडे जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला पर्वतीजवळ त्याची भिंत फुटली आणि भर दिवसा दांडेकर पुलाच्या वस्तीतल्या घरांत पाणी शिरलं. संसार वाहून गेले. कालवा म्हणजे आपल्या डोळ्यांना गाळानं भरलेला जुना पाट. त्या वस्तीला तेव्हा कळलं की ती नदीच आहे. पुढे लोणी काळभोर, यवत, दौंड, इंदापूर. दोनशे किलोमीटरच्या आसपास तो जातो. पालखीचा रस्ता आठवून बघा. तुकोबांची पालखीही पुण्यातून निघून लोणी, यवत, इंदापूर याच बाजूनं पंढरीला जाते. आषाढात माणसं जातात, आवर्तन सुटलं की पाणी जातं.

आवर्तन हा शब्द शहरात कुणी बोलत नाही. दौंडच्या शेतकऱ्याला विचारा. कालव्याला पाणी किती दिवसांनी, किती दिवसांसाठी सुटणार, यावर त्याचा ऊस आणि कांदा उभा असतो. पाऊस तिकडे फार थोडा. कालवा समितीची बैठक होते तेव्हा शहराला किती आणि शेतीला किती यावर वाद होतो. आपण ती बातमी वाचताना आपली पाणीकपात आहे का एवढंच शोधतो. आज दगडावर बसून त्या बैठकीतल्या दुसऱ्या बाजूला बसा. तुमच्या बांधावर कालव्याची चारी आहे, चारी कोरडी आहे, उभ्या पिकाला आठ दिवसांत पाणी हवं आहे. पुण्यात कुणीतरी पायपानं गाडी धुतं आहे, आणि ते तुम्हाला माहीत आहे. या जागी मनाला थोडा वेळ बसवा. ते चुळबुळ करेल.

आणि शहरानं वापरलेलं पाणी? ते संपत नाही. न्हाणीघरातून, मोरीतून, संडासातून ते मुठेत जातं, काही शुद्ध होऊन, बरंचसं तसंच. संगमावर मुळा मिळते, मुळा-मुठा थेऊरच्या चिंतामणीजवळून पुढे वाहते आणि भीमेला मिळते. पाण्यावर जलपर्णी गच्च माजलेली असते, वरून हिरवीगार, खाली काळं. भीमा उजनीत अडते. उजनीचं पाणी सोलापूर पितं. उजनीतून सोडलेलं पाणी पंढरपुरात चंद्रभागा होतं, आणि आषाढीला लाखो माणसं त्यात उभी राहून ओंजळ कपाळाला लावतात. आळंदी-देहूहून पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा आपण रस्त्यावर उभं राहून वारकऱ्यांच्या पाया पडतो, त्यांना चहा-बिस्किटं देतो. तीच माणसं पुढे पंधरा-सोळा दिवस चालून ज्या पाण्यात उतरतात, त्यात आपण काय पाठवलेलं आहे? हा प्रश्न मनात ठेवणं सोपं नाही. ठेवा. त्याला लगेच महापालिकेच्या दारात नेऊन सोडू नका. तिथंही जायचं आहेच, विचारायचं आहे, पण आधी तो आपल्या मोरीच्या जाळीपाशी थोडा वेळ उभा राहू द्या.

तुमच्या वर टेमघरची पडवी आहे आणि पाण्याखालचा बांध आहे. तुमच्या खाली दौंडची चारी आहे, सोलापूरचा नळ आहे, चंद्रभागेतली ओंजळ आहे. तुम्ही मध्ये बसलेले आहात. समोरचं पाणी पुन्हा एकदा बघा, त्याच अंगणाएवढ्या तुकड्याकडे. मघाशी होतं ते पाणी आता तिथं नाही.

उठायला हरकत नाही. पाय आखडले असतील, सावकाश उठा. पिशवी भरून घ्या.

या मननाचा दुसरा अर्धा भाग इथं होत नाही, त्याला उजनीच्या काठावर जावं लागतं. हिवाळ्यात भिगवणला जा. रोहित पक्षी आलेले असतात, पुण्याहून माणसं कॅमेरे घेऊन येतात, आणि गावातले मच्छीमार त्यांना आपल्या नावेतून फिरवतात. ज्यांच्या जाळ्यात आता बहुतेक चिलापीच येते, त्यांच्याच या नावा. पक्षी बघून झाले की नाव थोडी आत घ्यायला सांगा आणि पाण्याचा रंग बघा, वास घ्या. नाव चालवणारा विचारेल, कुठून आलात. पुण्याहून, असं सांगा. मग तो पाण्याबद्दल जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐकून घ्या.